मठाची किल्ली

१५६३ चा डिसेंबर. आल्प्सच्या कुशीतल्या ट्रेंट या गावी भरलेली कॅथलिक चर्चची धर्मपरिषद अठरा वर्षे रखडत, मध्ये मध्ये बंद पडत, एकदाची संपत आली होती. तेवढ्यात रोमहून पोप चौथे पायस आजारी असल्याची खबर आली. परिषद चालू असताना पोप वारले तर नवा पोप कोणी निवडायचा यावरून नवेच भांडण पेटले असते. जमलेल्या बिशपांना घाई झाली, आणि घरी जायची ओढ तर सगळ्यांनाच होती. त्या घाईत, शेवटच्या म्हणजे पंचविसाव्या बैठकीत, मठवासी स्त्री-पुरुषांविषयीचा हुकूमनामा संमत झाला. त्यातले एक कलम स्त्रियांच्या मठांविषयी होते. व्रत घेतलेल्या भगिनीने बिशपला मान्य असलेल्या कारणावाचून मठाबाहेर पाऊल टाकायचे नाही, घटकाभरही नाही. बिशपच्या लेखी परवानगीवाचून बाहेरच्या कोणीही, बाई असो की बाप्या, मोठे माणूस असो की लहान मूल, आत यायचे नाही. जो आत शिरेल त्याला धर्मबहिष्कार. हे ठरवणाऱ्यांत एकही स्त्री नव्हती.

नियम तसा जुनाच होता. पोप आठवे बॉनिफेस यांनी तो १२९८ मध्येच घातला होता, पण पुढची अडीचशे वर्षे बहुतेक मठांनी तो सोयीने पाळला किंवा पाळलाच नाही. ट्रेंटनंतर मात्र अंमलबजावणीचा धडाका सुरू झाला. पोप पाचवे पायस यांनी १५६६ मध्ये आणखी एक फर्मान काढले आणि ज्या स्त्रियांनी कधी बंदिस्त राहण्याची शपथच घेतली नव्हती, ज्या नगरात हिंडून आजाऱ्यांची सेवा करीत किंवा मुलींना शिकवीत, त्यांनाही या नियमाखाली आणले. खिडक्या बुजवल्या गेल्या, भिंती उंच झाल्या. भेटीच्या खोलीत लोखंडी जाळी बसली, जाळीवर काही ठिकाणी पडदाही आला. देवाणघेवाणीसाठी भिंतीत एक फिरते लाकडी पिंप बसवले जाई. बाहेरच्याने त्यात भाजी ठेवायची, पिंप फिरवायचे, आतलीने ती काढून घ्यायची, आणि दोघांनी एकमेकांचे तोंड पाहायचे नाही.

सुधारणा म्हटली की मराठी वाचकापुढे एकोणिसावे शतक उभे राहते. मुलींची शाळा, विधवाविवाह, उंबरठ्याबाहेर पडलेली बाई. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात मठांची सुधारणा म्हणजे उंबरठ्यावर बांधलेली भिंत. एवढ्यावरच थांबायचे असते तर हे पुस्तक लिहिण्याचे कारण नव्हते. अडचण अशी की ती भिंत कितीतरी स्त्रियांनी स्वतः मागून घेतली, तिच्यासाठी त्या घरच्यांशी भांडल्या. आणि त्याच काळात दुसऱ्या स्त्रिया त्याच भिंतीला शिव्याशाप देत होत्या. दोघींनाही आपापल्या जागी कारणे होती. म्हणून मठ उघडा होता की बंद, एवढेच विचारून फारसे काही हाती लागत नाही. दाराची किल्ली कोणाकडे होती, हे विचारले तर लागते.

आधी मठ भरले कसे ते पाहू, कारण सुधारकांच्या उपदेशात हा भाग नेहमी घाईने उरकलेला असतो. व्हेनिसमध्ये सोळाव्या शतकात लग्नातला हुंडा इतका चढला की मोठमोठ्या घराण्यांना दोन मुलींची लग्ने परवडेनात. मठालाही हुंडा द्यावा लागे, पण तो नवऱ्याच्या हुंड्याच्या मानाने कितीतरी कमी. शिवाय इस्टेटीचे तुकडे पडत नसत. एका मुलीचे लग्न, बाकीच्यांना मठ, हा हिशेब घरोघर होऊ लागला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसच्या सरदार घराण्यांतल्या जवळजवळ निम्म्या स्त्रिया मठांत होत्या, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. तिथल्या सरकारला हे पुरते ठाऊक होते. मठांवर देखरेख ठेवायला त्यांनी १५२१ मध्येच स्वतंत्र अधिकारी नेमले होते. मठातल्या स्त्रिया सत्ताधाऱ्यांच्याच लेकीबहिणी, तेव्हा मठाची अब्रू ती घराण्यांची अब्रू.

ट्रेंटच्या हुकूमनाम्याने मुलीवर बळजबरी करणाऱ्याला शापही दिला आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. सोळा वर्षे पुरी झाल्याखेरीज व्रत नाही. बिशपने मुलीला स्वतः विचारायचे की ती आपखुशीने आली आहे ना. पण वर्षानुवर्षे मठातच वाढलेली, घरची वाट बंद झालेली सोळा वर्षांची मुलगी त्या प्रश्नाला दुसरे काय उत्तर देणार? कागदावर प्रत्येकीचे ‘हो’ आहे.

अशीच ‘हो’ म्हणालेली एक मुलगी व्हेनिसच्या सांत’आन्ना मठात होती. जन्म १६०४ चा, एका पायाने अधू, लग्नाच्या बाजारात म्हणूनच बाद. मठात तिचे नाव आर्कांजेला ताराबोत्ती झाले. फारसे कोणी शिकवले नाही, तरी ती वाचत गेली आणि मग लिहू लागली. आणि लिहिले ते असे की बापांनी दचकावे. तिचे म्हणणे थोडक्यात असे: देवाने बाईला इच्छाशक्ती दिली ती पुरुषाइतकीच मोकळी. बाप पैसा वाचवण्यासाठी मुलीला कोंडतो आणि त्याला धर्म म्हणतो, राज्यकर्ते डोळेझाक करतात, कारण त्यांचेही घर त्यातच गुंतलेले. मठातल्या नरकावर तिने एक ग्रंथ लिहिला. तो तिच्या हयातीत छापला गेला नाही, विसाव्या शतकाच्या शेवटी प्रसिद्ध झाला. मठातल्या स्वर्गावरही तिने लिहिले, ते मात्र १६४३ मध्ये छापले गेले. दोन्ही तिचेच, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. ज्या स्वतः निवड करून आल्या त्यांच्यासाठी मठ स्वर्ग असू शकतो, हे तिला मान्य होते. तिची तक्रार निवडीबद्दल होती. बापांच्या जुलमावरचा तिचा मुख्य ग्रंथ ती वारल्यावर, १६५४ मध्ये, हॉलंडमध्ये बाहेर पडला आणि लवकरच रोमच्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत गेला.

तिची पत्रे वाचताना एक गंमत ध्यानात येते. जाळीआड बसलेली ही बाई व्हेनिसमधल्या लेखकांशी वाद घालते, फ्रेंच वकिलातीशी संबंध राखते, मठात विणल्या जाणाऱ्या लेसचे व्यवहार जमवते. भिंत तिच्या देहापुरती होती. बोलोन्यातल्या लुक्रेत्सिया वित्साना हिचेही असेच. आर्चबिशप मठातल्या संगीतावर एकामागून एक बंधने घालत होते, आणि हिने रचलेल्या संगीताचे पुस्तक १६२३ मध्ये छापून आले. प्रवासी इटलीत येत तेव्हा मुद्दाम मठांच्या चर्चमध्ये जाऊन बसत. गाणाऱ्या दिसत नसत, पण आवाज बाहेर यायचा तो येतच असे.

आता दुसरी बाजू, आणि ती समजून घ्यायला स्पेनमधल्या आविलाला गेले पाहिजे. तेरेसा दे आउमादा १५३५ च्या सुमारास तिथल्या एन्कार्नासिओन मठात दाखल झाली. मठात दीडशेहून अधिक स्त्रिया, उत्पन्न तुटपुंजे. जेवणाची भ्रांत पडे म्हणून भगिनींना नातेवाइकांकडे महिनोन्‌महिने राहायला पाठवीत. खुद्द तेरेसाही एका श्रीमंत विधवेच्या घरी बराच काळ राहिली. आत श्रीमंत-गरीब हा भेद जसाच्या तसा. पैसेवालीला स्वतःच्या खोल्या, नोकरचाकर, नावामागे ‘दोन्या’ ही पदवी. बिनपैशाची सगळ्यांबरोबर ओळीने झोपणार. तेरेसा पैसेवाल्यांपैकी होती. भेटीच्या खोलीत तिचा दरबार भरे. गावातल्या बड्या लोकांना तिच्याशी बोलायला आवडे आणि तिलाही ते आवडे, हे तिनेच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. हा मोकळेपणा वरून हेवा वाटावा असा. पण त्यात भगिनीचा वेळ, तिचे बोलणे, तिची प्रार्थना सगळे देणगीदारांच्या दावणीला बांधलेले. ज्याने मठाला पैसा दिला त्याची बायको वाटेल तेव्हा यायची, आणि तिची करमणूक करणे हे भगिनीचे काम.

तेरेसाने २४ ऑगस्ट १५६२ रोजी आविलातच सान होसे हा छोटा मठ उघडला, तो अगदी गुपचूप. घर बहिणीच्या आणि मेहुण्याच्या नावाने घेतले होते, पैशाची मदत दक्षिण अमेरिकेत गेलेल्या भावाकडून आली. पहिल्या दिवशी चार मुली. भगिनी तेराच, पुढे ही मर्यादा एकवीसवर गेली. ‘दोन्या’ कोणी नाही. हुंडा नसला तरी प्रवेश. पोटासाठी सूत कातायचे आणि आपणहून येईल ती भिक्षा घ्यायची. सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास मूक प्रार्थना. आणि जाळी, कडक बंदिस्ती. दुसऱ्याच दिवसापासून गावात गोंधळ उडाला. नगरसभेने दावा लावला की उत्पन्न नसलेला मठ गावाच्या डोक्यावर बसेल. त्यांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण मला वाटते खरे दुखणे वेगळे होते. देणगी नाही म्हणजे देणगीदाराचा हक्क नाही.

हे पास्त्रानामध्ये उघड झाले. तेरेसाने तिथे काढलेला मठ एबोलीच्या राणीसाहेबांच्या आश्रयाने उभा राहिला होता. नवरा वारल्यावर १५७३ मध्ये त्या स्वतःच दासींसह मठात राहायला आल्या, आणि भगिनींनी आपल्याशी गुडघे टेकून बोलावे असा त्यांचा आग्रह. तेरेसाने पुढच्याच वर्षी सगळ्या भगिनींना तिथून काढून सेगोव्हियाला नेले आणि मठ बंद केला. राणीसाहेबांनी सूड म्हणून तेरेसाच्या आत्मचरित्राची तक्रार इन्क्विझिशनकडे, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाकडे, केली. तेरेसाचे आजोबा ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेले होते, त्यांना इन्क्विझिशनने तोलेदोमध्ये चारचौघांत प्रायश्चित्त घ्यायला लावले होते. तेव्हा ही तक्रार किती महागात पडू शकली असती याचा अंदाज करावा. तिने स्वतः कधी कोणत्या मुलीच्या ‘रक्ताची शुद्धता’, म्हणजे घराण्यात ज्यू पूर्वज आहेत की नाहीत हे, विचारली नाही. तिच्या मृत्यूनंतर तिच्याच संघाने ती विचारायला सुरुवात केली.

१५७१ ची एक घटना मला या सगळ्या काळाची गुरुकिल्ली वाटते. धर्मसंघाच्या वरिष्ठांनी तेरेसाला तिच्या जुन्या मठाची, एन्कार्नासिओनची, मुख्य म्हणून परत पाठवले. निवडणूक न घेता. तिथल्या भगिनी खवळल्या. आरडाओरडा, धक्काबुक्की, तिला आत येऊ देईनात. सुधारणा नको असे त्या म्हणत होत्या हे खरे, पण आपला मतदानाचा हक्क डावलला गेला असेही म्हणत होत्या, आणि ते बरोबर होते. पहिल्या सभेत सगळ्या जमल्या तेव्हा मुख्यांच्या आसनावर मरियेची मूर्ती बसवलेली, मूर्तीच्या हातात मठाच्या किल्ल्या, आणि तेरेसा खाली पायाशी बसलेली. पुढे सहा वर्षांनी, १५७७ च्या निवडणुकीत, त्याच मठातल्या ५५ जणींनी तेरेसाला मते दिली. या वेळी वरिष्ठांना ती नको होती. तिला मत देणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी धर्मबहिष्कृत केले.

वर्ष बदलते, माणसे तीच, पण किल्ली कोणी द्यायची याचे उत्तर वरिष्ठांच्या सोयीने फिरते. तेरेसा ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्री वारली. त्याच रात्री नवे ग्रेगोरियन पंचांग लागू झाले आणि दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर उजाडला. त्यानंतर दहा वर्षेही झाली नाहीत तोच संघातल्या पुरुषांनी तिने घालून दिलेल्या नियमांना हात घातला. आपला पापनिवेदनाचा धर्मगुरू कोणता हे ठरवण्याचा मठाच्या मुख्य भगिनीचा अधिकार त्यांना खुपत होता. तेरेसाची सहकारी आना दे हेसुस थेट पोपकडे गेली, आणि त्याबद्दल तिला कोंडून ठेवण्याची शिक्षा झाली.

फ्रान्समधला प्रसंग अधिक नाट्यमय आहे म्हणून सगळ्यांना ठाऊक असतो. पॅरिसजवळच्या पोर-रोयाल मठात आंजेलिक आर्नो हिला घरच्यांनी मठाधिकारिणी केले तेव्हा ती अकरा वर्षांचीही नव्हती. वय चोरून रोमची मंजुरी मिळवली होती. ही मुलगी मोठी झाली, एका प्रवचनाने पालटली, आणि २५ सप्टेंबर १६०९ रोजी तिने स्वतःच्या वडिलांना, पॅरिसच्या नामांकित वकिलाला, मठाच्या दारात अडवले. किल्ल्या तिने आधीच आपल्या ताब्यात घेतल्या होत्या. बाप आत यायला ओरडतोय, आई कळवळून बोलतेय, आणि ही दाराच्या झडपेतून सांगते, भेटायचे तर भेटीच्या खोलीत. नंतर ती बेशुद्ध पडली. ट्रेंटचे कलम तिने अक्षरशः पाळले, आणि ते पाळण्याच्या निमित्ताने ज्या बापाने तिला विचारल्यावाचून इथे आणून ठेवले त्याच्या तोंडावर दार लावले. पन्नासेक वर्षांनी याच मठातल्या भगिनींनी आर्चबिशप सांगतील त्या कागदावर सही करायला नकार दिला, तेव्हा चर्चला कळले की आज्ञापालनाची ही शाळा कोणत्या दिशेने गेली होती. शेवटी चौदाव्या लुईने मठ रिकामा करवला आणि इमारतींचा दगडही जागेवर ठेवला नाही.

प्रॉटेस्टंट प्रदेशांत सुधारणा उलट दिशेने आली, मठ बंद करूनच. लूथरची बायको काथारिना फोन बोरा मठातून पळून आलेली, हे चित्र सुटकेचे म्हणून सांगितले जाते. न्यूरेंबर्गच्या कारिटास पिर्कहाइमर हिच्या टिपणांत दुसरे चित्र आहे. १५२५ मध्ये तीन मुलींच्या आया मठात शिरल्या आणि राहू द्या म्हणून रडणाऱ्या मुलींना ओढत घेऊन गेल्या. मठाला नवी मुलगी घ्यायला बंदी झाली. म्हाताऱ्या एकेक करून संपल्या.

भिंतीविना राहू पाहणाऱ्यांची कथा या पुस्तकात मी थोडक्यात दिली आहे, कारण ती बहुतेक ठिकाणी सारखीच संपते. आंजेला मेरिची हिने १५३५ मध्ये ब्रेशियात उर्सुला संघ काढला तेव्हा मुली आपापल्या घरीच राहत. पुढच्या शतकात फ्रान्समध्ये त्याच संघाचे बंदिस्त मठ झाले. आनसीची व्हिजिटेशन संस्था १६१० मध्ये निघाली आणि दहा वर्षांच्या आत तिच्यावर जाळी पडली. एकच अपवाद मोठा ठरला. मेरी वॉर्ड या इंग्लिश बाईने जेसुइटांच्या धर्तीवर स्त्रियांचा संघ काढला. बंदिस्ती नको, बिशपचा अंमल नको, मुलींच्या शाळा चालवायच्या. परवानगी मागायला ती १६२१ मध्ये ब्रुसेल्सहून रोमपर्यंत चालत गेली. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी संघ मोडला आणि म्युनिकमधल्या एका मठात तिला पाखंडी म्हणून कोंडले. तिथून ती लिंबाच्या रसाने लिहून मैत्रिणींना पत्रे पाठवी. कागद निखाऱ्यावर धरला की अक्षरे दिसत. तिला संस्थापक म्हणून रोमने १९०९ मध्ये मान्यता दिली. तिच्याच परंपरेतली लोरेटो शाखा १८४१ मध्ये कोलकात्यात आली, आणि मदर तेरेसा स्वतःची संस्था काढण्याआधी वीस वर्षे त्याच लोरेटोच्या भगिनी होत्या.

गोव्याचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत मोठे आहे, आणि त्याबद्दल मी माफी मागणार नाही. आर्चबिशप आलेशु द मेनेझिस यांनी १६०६ मध्ये जुन्या गोव्याच्या टेकडीवर सांता मोनिका मठाची स्थापना केली. पूर्वेकडचा हा स्त्रियांचा पहिला कॅथलिक मठ. १६२७ मध्ये इमारत पुरी झाली, १६३६ मध्ये आगीत होरपळली, पुन्हा उभी राहिली. थॉमस स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले ते याच वर्षांत, याच गोव्यात. तिकडे पाद्री ओवीतून ख्रिस्ताची कथा गावोगाव पोचवत होते, इकडे तीन मजली जांभ्या दगडाच्या भिंतीआड बहुतांशी पोर्तुगीज वंशाच्या स्त्रिया लॅटिन प्रार्थना गात होत्या. दोन्हींमध्ये काही कोसांचे अंतर आणि कितीतरी मोठी दरी.

इथेही तक्रार नगरसभेने केली. लग्नाच्या मुली आणि पैसेवाल्या विधवा मठात जातात, त्यांच्याबरोबर हुंडे आणि माडांच्या बागा जातात, मग गोव्यातल्या पोर्तुगीज पुरुषांनी लग्ने कोणाशी करायची? व्हेनिसमध्ये ज्या कारणाने मुली आत ढकलल्या जात होत्या, बरोबर त्याच्या उलट कारणाने इथे त्या आत जाऊ नयेत असे शहराला वाटत होते. विधवेने पुन्हा लग्न करावे हा गोव्यात राज्याच्या गरजेचा भाग होता. ज्या विधवेला ते नको असेल तिला सांता मोनिका ही एक पळवाट होती, आणि अशा स्त्रिया मठाच्या सुरुवातीपासून दिसतात. त्या आत का गेल्या हे भक्तीच्या भाषेत लिहिलेले आहे. ते खोटे आहे असे मी म्हणत नाही. भक्ती आणि हिशेब एकाच बाईच्या मनात सुखाने नांदू शकतात.

१८३४ नंतर पोर्तुगालने धर्मसंघ मोडीत काढले. पुरुषांना जावे लागले. सांता मोनिकातल्या भगिनींना राहू दिले, पण नवी मुलगी घ्यायची नाही. न्यूरेंबर्गमध्ये झाले तेच तीनशे वर्षांनी गोव्यात. शेवटची भगिनी १८८५ मध्ये वारली. आज तिथे भगिनींच्या शिक्षणाची संस्था आणि ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. बेबिंका ही मिठाई इथल्याच एका भगिनीने शोधून काढली असे गोव्यात सांगतात. पुरावा काही नाही, पण ज्यांचे एवढे थोडे शब्द उरले त्यांच्या नावावर एक गोड पदार्थ राहिला तर मी वाद घालणार नाही.

साधनांबद्दल एक सावधगिरी. मठांविषयीची बरीचशी माहिती बिशपांच्या तपासणीच्या दप्तरांतून येते. तपासणीला आलेला माणूस जे विचारतो त्याचीच उत्तरे मिळतात. तो कुलपे, खिडक्या आणि पुरुषांच्या भेटी विचारणार, म्हणून दप्तरात मठ म्हणजे कुलपे, खिडक्या आणि पुरुष. भगिनींनी स्वतः लिहिलेल्या बखरींत भूक, आजारपण, छपराची गळती, कोणी कोणाला रात्रभर जागून सांभाळले ते येते. पण त्या बखरी पुण्यवतींच्या चरित्रांच्या साच्यात लिहिलेल्या, त्यांत भांडण सहसा येत नाही. मी दोन्ही समोरासमोर ठेवून वाचली आहेत, आणि जिथे दोन्ही गप्प आहेत तिथे मीही गप्प राहिले आहे.

परकी नावे त्या त्या भाषेतल्या उच्चारांप्रमाणे लिहिली आहेत, म्हणून रूढ ‘टेरेसा’ इथे ‘तेरेसा’ झाली. ‘नन’ हा शब्द संभाषणात आला तिथेच ठेवला. एरवी वसईचे ख्रिस्ती लोक म्हणतात तसे ‘भगिनी’ म्हटले आहे. प्रकरणे काळाच्या क्रमाने आहेत, पण ज्यांना गोव्यापासून सुरुवात करायची असेल त्यांनी खुशाल सातव्या प्रकरणापासून करावी. ट्रेंटच्या हुकूमनाम्यातली स्त्रियांच्या मठांविषयीची कलमे परिशिष्टात मराठीत दिली आहेत. ती वाचून मग आविलाकडे वळले तर बरे.